कुंपण आणि विळा

मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी ज्या गवतावर पोसल्या गेल्या, त्यातलं पुष्कळसं पालघर-बोईसर-डहाणूच्या पट्ट्यातलं. १८६४ साली बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे मुंबईला जाऊन भिडली आणि इथल्या वरकस जमिनीचं नशीब पालटलं. भाताला नालायक ठरलेला उतार फार तर नाचणी-वरी द्यायचा, राब भाजायला पालापाचोळा द्यायचा. तो आता रोकड देऊ लागला. दसरा उलटला की विळे चालायचे, भारे वखारीत यायचे, दाबयंत्रात त्यांच्या गाठी व्हायच्या आणि गाठी मालडब्यांतून मुंबईकडे रवाना. पुढे १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी झाली, आणि मुंबईतले तबेले आणखी लांब न्यायचे म्हणून दापचरीचा दुग्धप्रकल्प उभा राहिला. गवत मात्र याच बाजूचं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालयाला जागा मिळाली तीही कोळगावची, दुग्धविकास खात्याची.

पालघरजवळचं माहीम स्वतः गवताचं गाव नव्हे. ते वाडीचं गाव: पानवेली, केळी, नारळ, सुपारी. गवत पालघर स्टेशन ओलांडून, मनोरच्या रस्त्याला लागलं की सुरू होतं. तरीही गवतावरून वाद घालणारे दोघं भेटले ते माहीमच्याच एका वाडीत. एक मामा, दुसरी त्यांची भाची. मामांची पानाची वाडी आहे आणि तरुणपणी काही वर्षं त्यांनी पालघरच्या एका वखारीत वजनकाट्यावर हिशेब लिहिला आहे. भाची कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, मुलांना घेऊन डोंगर-माळ हिंडते. तिच्या डोक्यात बरेच दिवस एक कल्पना आहे. वाघोबा खिंडीच्या आसपासचा एखादा गवताळ उतार आणि त्याच्या पायथ्याचं पावसाळी तळं घ्यावं, ते राखीव करावं, तिकीट लावून लोकांना दाखवावं. झाडांचं जंगल बघायला लोक जातात, मग गवताचं का नाही?

"गवत बघायला तिकीट?" मामा म्हणाले. "आम्ही गवत विकलं, तेव्हा बघणं फुकट होतं."

भाचीनं कासचं उदाहरण काढलं. ते काढणं भागच होतं. महाराष्ट्रात गवत, डबकी आणि माणसांची झुंबड या तिन्हींचा एकत्र अनुभव कासइतका कुठेच जमा झालेला नाही. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं पठार. जांभ्या खडकाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीत ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, तेरडा, सीतेची आसवं, कवला यांचे ताटवे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कासही गेलं, आणि शनिवार-रविवारी पठारावर गाड्यांची जत्रा भरू लागली. लोक फुलांत बसून, लोळून फोटो काढायचे. वनखात्यानं कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांना हाताशी धरलं. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, गाड्या लांब उभ्या, वाटा ठरलेल्या, तिकिटाचा पैसा समितीकडे.

"चांगलं केलं," मामा म्हणाले. "आणि कुंपण?"

"घातलं होतं. जाळीचं."

"आणि गुरं?"

"बंद केली."

"मग गवत वाढलं असेल."

वाढलं. यावर भाचीलाही वाद घालता येईना. सीतेची आसवं काय, गेंद काय, ही वीतभरसुद्धा उंच न होणारी मंडळी. त्यांना ऊन लागतं आणि उघडी, ओली, निकस माती लागते. सीतेच्या आसवांना तर मातीतून नत्र मिळत नाही म्हणून जमिनीत बारीक फुगे धरून त्यांत सूक्ष्म जीव पकडावे लागतात. वर कमरेएवढं गवत माजलं की त्यांचा कारभार आटोपला. कासच्या गावकऱ्यांनी हे आधी बोलून दाखवलं: जाळीच्या आत फुलं विरळ होताहेत, बाहेर बरी आहेत, कारण बाहेर गुरं फिरतात. काही अभ्यासकांनीही चराईबंदीकडे बोट दाखवलं. पुढे ती जाळी काढण्यात आली. अर्थात फुलांचा हंगाम पावसाच्या लहरीवरही ठरतो आणि पायदळी तुडवलेल्या मातीवरही, त्यामुळे सगळं पाप एकट्या कुंपणाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण 'हात लावू नका, म्हणजे टिकेल' हा सरळ हिशेब सड्यावर चुकला, एवढं निश्चित.

"गवताला दात लागतात, नाहीतर विळा लागतो," मामा म्हणाले. "दोन्ही नसले की आग लागते. चौथं काही नाही."

भाचीनं हे ऐकून घेतलं. पण तिला चौथं ठाऊक होतं. दोन-चार वर्षं कुणी हात लावला नाही तर कोकणातल्या उतारावर गवत गवत राहत नाही. आधी जुने ठोंब आतून वाळतात, नव्या फुटव्याला उजेड मिळत नाही, मग घाणेरी घुसते, करवंदीची जाळी पसरते, रानमोडी येते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ विकेन फेन नावाचं दलदलीतलं राखीव क्षेत्र आहे. तिथली संरक्षणाची सुरुवात १८९९ ची, जगातल्या जुन्यांपैकी. तिथे लव्हाळ्यासारखं उंच पातं शेकडो वर्षं छपरांसाठी कापलं जात होतं. कापणी मागे पडली तसं झुडपांनी दलदलीत पाय पसरले. आता तिथे राखणदार पाळीपाळीनं कापणी करतात आणि चरायला घोडे-गुरं सोडतात. राखीव क्षेत्रात विळा चालवणं हा गुन्हा नसून कामाचा भाग आहे, हे तिथे सगळे गृहीत धरतात.

"बघ!" मामा खूश झाले. "साहेबालाही कळलं."

"साहेबाला कळलं, आपल्याला कळायला माणसं मरावी लागली," भाची म्हणाली आणि तिनं भरतपूर काढलं.

राजस्थानातलं केवलादेव, म्हणजे भरतपूरचं पक्षी अभयारण्य, हे मुळात राजानं बांध घालून केलेलं उथळ तळ्यांचं शिकारक्षेत्र. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी तिथे पिढ्यानपिढ्या चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, १९८२ च्या नोव्हेंबरात चराई एकाएकी बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. सलीम अलींसारख्या मातब्बर पक्षीतज्ज्ञाचा चराईबंदीला पाठिंबा होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं तिथे दहाएक वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचं पाणगवत माजलं, तळ्यांचं उघडं पाणी झाकलं गेलं, मासे आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. म्हशी फक्त खात नव्हत्या, पाण्यात बसून ते मोकळंही ठेवत होत्या. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली, ती काही दयेपोटी नव्हे. सायबेरियन क्रौंच तिथे २००२ नंतर आलेच नाहीत. त्याची कारणं अनेक आहेत. त्यांच्या वाटेवरचे देश, तिथली युद्धं, शिकार. पण घर आतून बिघडलं होतं, तेही त्यांतलं एक.

मामांनी भरतपूर ऐकून मांडीवर थाप मारली. म्हशींच्या चाऱ्यावर घडलेल्या माणसाला ही कथा आवडणारच. "म्हणजे म्हैस हीच खरी वनरक्षक."

"किती म्हशी, मामा? कुठल्या महिन्यात? कुणाच्या?" भाचीनं विचारलं. "शंभर म्हशींनी तळं मोकळं राहतं, हजार म्हशींनी चिखल होतो. कासला चरणारी गुरं गावातलीच होती, मोजकी होती, संध्याकाळी घरी जायची. उद्या आपण वाघोबाचा उतार चराईला खुला केला, तर कुठल्या तबेलेवाल्याच्या भाकड म्हशी ट्रकमधून उतरतील, सांगता येईल?"

सांगता येणार नव्हतं. भाकड म्हैस मुंबईबाहेर पाठवून चरायला सोडण्याची रीत मामांनी पाहिलेली आहे.

पण भाची तिथे थांबली नाही. तिला मामांच्या वखारीच्या आठवणींतला एक गोडवा खटकतो, आणि तो तिनं त्या दिवशी बोलून दाखवला. मामा म्हणतात, पूर्वी गवत राखलं जायचं. बरोबर. राखायचं कोण? जमीनदाराचा राखणदार. कापायचं कोण? वारली. कुठल्या दरानं? १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम घेऊन डहाणू-उंबरगावच्या वारल्यांत शिरले, तेव्हा वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी बांधलेला गडी) या प्रथांनंतरची सगळ्यात मोठी लढाई झाली ती गवतकापणीच्या मजुरीची. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये, एवढीच मागणी. गवत पिकून उभं, सावकारांना मुंबईचे सौदे पुरे करायचे, आणि विळे थांबलेले. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार त्यात मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याचं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण कुरण-संवर्धनाच्या चर्चेत ते कुणी उघडत नाही.

"आणि सीमेपलीकडे, गुजरातेत पारडीला," ती म्हणाली, "१९५३ मध्ये आदिवासींनी घासिया जमिनीत घुसून नांगर धरला. का? जमीनदारांनी धान्याची जमीन मुद्दाम गवताखाली ठेवली होती. गवताला मजूर कमी लागतात, कूळ लावावं लागत नाही, मुंबई पैसे मोजते. लोक उपाशी आणि म्हशीला चारा. तेही 'राखलेलं' गवतच होतं."

मामा गप्प झाले, पण हरले नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळं. सावकार वाईट होता म्हणून विळा वाईट होत नाही. "तू मला असं सांग, तुझ्या राखीव माळावर कापणार कोण आणि त्याला देणार काय? कासच्या समितीत गावचे लोक आहेत ना? मग इथे कापणाराच समितीत बसव. तो ठरवेल किती कापायचं."

या लेखाच्या मते संपूर्ण संवादातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच, आणि तो तज्ज्ञाच्या बाजूनं आला नाही. गवताळ माळाचं व्यवस्थापन म्हटलं की अहवालांत चराई, आग, कापणी यांचे तक्ते असतात. मजुरीचा रकाना क्वचित दिसतो. काही सरकारी कागदांत माळ ही जमीनच धरली जात नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशावहीत गवताळ आणि झुडपी माळांचे मोठाले पट्टे 'पडीक' म्हणून रंगवलेले आहेत. पडीक म्हटलं की खड्डे खणायला मोकळीक. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा झाडं कुठे लावायची हा प्रश्न होता, आणि उत्तर पुष्कळ ठिकाणी माळ हेच निघालं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. ज्या पक्ष्याला चारी दिशा मोकळ्या दिसाव्या लागतात, त्याच्या माळावर झाडं लावू नयेत, हे सांगण्यात पक्षीतज्ज्ञांचं आयुष्य गेलं. अभयारण्य पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं आणि माळढोक आज तिथे जवळपास दिसेनासा झाला आहे.

तळ्याकडे वाद वळला तेव्हा पारडं फिरलं.

मामांचा तळ्याचा हिशेब बागायतदाराचा. तळं म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे बारमाही. गाळ काढा, खोल करा, कडा बांधा. त्यांच्याकडे दाखलाही तयार असतो: झांजरोळीचं धरण. माहीम-केळव्याला पाणी देणारं, आणि २०२२ च्या जानेवारीत त्याला गळती लागली तेव्हा पायथ्याच्या गावांची झोप उडाली. "डागडुजी केली नाही की असं होतं. तुम्हा निसर्गवाल्यांना मात्र सगळं आपोआप व्हायला हवं असतं."

"धरणाची डागडुजी करायलाच हवी," भाची म्हणाली. "पण माळाच्या पायथ्याचं डबकं म्हणजे लहान धरण नाही."

आणि मग ती जे बोलली ते मामांना नवीन होतं. पावसाळी डबकं मार्चपर्यंत आटतं, हाच त्याचा गुण. आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात. कासच्या सड्यावरच्या डबक्यांत वायतुरा फुलतो. त्याचा कंद कोरड्या महिन्यांत मातीत निजून राहतो आणि पावसाबरोबर उठतो. डबकं खोल केलं, बारमाही केलं, तर वायतुऱ्याचं वर्षाचं गणितच मोडतं. पिवळसर-सोनेरी चतुर, ज्यांचे थवेच्या थवे सप्टेंबर-ऑक्टोबरात माहीमच्या वाड्यांवर तरंगताना मामांनी जन्मभर पाहिले आहेत, ते अशाच तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतात. त्यांची पिल्लं काही आठवड्यांत पंख फुटून बाहेर पडतात. पाणी आटण्याची वाट बघत नाहीत. आणि मग वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात. मालदीवमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात असे लाखो चतुर उतरताना पाहून चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं की ते भारतातून पूर्व आफ्रिकेकडे निघालेले असतात.

"हे? आपले? आफ्रिकेला?"

"हो. आणि त्यांची सुरुवात होते ती तुम्ही ज्यात चिखल झाला म्हणून नाक मुरडता, त्या डबक्यात."

मामांनी चतुर मान्य केले, पण गाळ सोडला नाही. त्यांचा आग्रह अगदीच चुकीचा नाही. जुन्या गावतळ्यांत गाळ भरला की पाणी पसरतं, उथळ होतं, जलपर्णी आली की झाकतं. वसईतली बावखलं, म्हणजे वाडीच्या मधोमध असलेली गोड्या पाण्याची तळी, माणसांनी उपसून, वापरून राखली होती. वापर थांबला, मग कचरा आला, मग भराव आला, मग इमारत. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. शेतकरी गाळ उचलून नेतो, शेताला माती मिळते, तलावाला जागा. मामांना ही योजना पसंत आहे. भाचीलाही, एका अटीवर: गावतळं निराळं, माळतळं निराळं. गावतळ्याचा गाळ काढावा, तोही सगळा एकदम नव्हे. एका बाजूचा या उन्हाळ्यात, दुसऱ्या बाजूचा पुढच्या. म्हणजे शिंपले, पाणकीटक, वनस्पतींचे कंद यांना आसरा उरतो. माळतळ्याला जेसीबी लागूच द्यायचा नाही.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं, आणि ते जमणं बघण्यासारखं होतं. तळ्यांचं सुशोभीकरण. निधी आला की काय काय येतं याची यादी दोघांना पाठ. चहूबाजूंनी दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, मध्ये कारंजं, त्यात पांढरी बदकं आणि कोपऱ्यात 'आय लव्ह' अशी विजेची अक्षरं. चिखलाचा उतार गेला की ढोकरी उभी राहायला जागा नाही, टिटवीच्या पिल्लाला पाण्यापर्यंत उतरता येत नाही, बेडूक आत पडला तर उभ्या भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. "आणि म्हशीलाही उतरता येत नाही," मामांनी पुस्ती जोडली.

माणसांचं काय, हा प्रश्न भाचीला सगळ्यात अवघड वाटतो. मामांना तो सगळ्यात सोपा वाटतो. त्यांच्या मते लोक येऊच नयेत. शनिवार-रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बागेखाली काय अवस्था होते हे ते बघतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला धबधब्यांवर, धरणांवर जायला बंदी घालावी लागते, कारण माणसं बुडतात. "आणि तू आणखी एक जागा नकाशावर टाकणार."

भाची म्हणते, नकाशावर नसलेली जागाच आधी जाते. डोंगरउतारावरच्या गवताळ तुकड्याला ओळख नसते, म्हणून तिथे क्रशर येतो, फार्महाऊसचा प्लॉट पडतो, गोदाम उभं राहतं. कुणी विचारत नाही, कारण तिथे काही होतं हेच कुणाला ठाऊक नसतं. लोक येऊ लागले की निदान विचारणारे तयार होतात. कासला रस्ता, हॉटेलं, बांधकामं यांवरून आज एवढा आरडाओरडा होतो, तो लोकांनी पठार पाहिलं म्हणूनच. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेल्या वाटा, नोंदणी, सोबत गावचा वाटाड्या. पूर्वी त्या माळाकडे बघायला कुणी गाडी थांबवत नव्हतं.

"तिथे लोक काय बघायला जातात?"

"लांडगा. चिंकारा. खोकड."

"आपल्या माळावर लांडगा आहे?"

"नाही."

"चिंकारा?"

"नाही, मामा."

"मग पाहुणा काय बघणार? कुसळं?"

कुसळंच बघायची, असं भाचीचं उत्तर; आणि ती उठून वाडीच्या बांधाकडे गेली, कुसळीची दोन-तीन कणसं तोडून आणली. कुसळाला पुढे अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेली लव, आणि शेपटीसारखा लांब काळा केस. तिनं तळहातावर एक ठेवलं आणि त्यावर ओंजळीतलं पाणी शिंपडलं. केसाला पीळ सुटू लागला, बी तळहातावर गरगर फिरू लागलं. वाळलं की परत पीळ बसतो. दिवसा ऊन, रात्री दव, पुन्हा ऊन; अशी फिरत फिरत टोकाची बाजू मातीत शिरते आणि मागे वळलेली लव तिला बाहेर येऊ देत नाही. गवत आपलं बी स्वतः पेरतं. मामांच्या धोतराच्या काठात जन्मभर हीच कुसळं घुसली आणि त्यांनी त्यांना जन्मभर शिव्या घातल्या. त्यांनी हात पुढे केला आणि दुसऱ्या कुसळावर स्वतः पाणी टाकलं.

मग वाद शेवटी तारखेवर आला. तसा तो यायलाच हवा होता, कारण गवताचं सगळं भांडण तारखेचंच असतं. मामांचं गणित चाऱ्याचं: गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर त्यात कस असतो, रंग हिरवा राहतो, भाव मिळतो. बी झडेपर्यंत थांबलं तर उरतो काडीचा पाला. गुरं तोंड लावत नाहीत. म्हणून दसऱ्याला विळा. भाचीचं गणित माळाचं: दसऱ्याला पवना, कुसळी, मारवेल यांचं बी पूर्ण झडलेलं नसतं. दरवर्षी त्याच वेळी सगळं कापलं तर बी पडणारच नाही, आणि मुनियांचे थवे हिवाळ्यात काय खातील? शिवाय खाजणावर फिरणारे दलदली भोवत्या, हे शिकारी पक्षी, संध्याकाळी उतरून उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात. डिसेंबरात माळ सफाचट असेल तर ते कुठे जातील?

"तीन भाग करायचे," ती म्हणाली. "एक दसऱ्यानंतर कापायचा, तुमच्या चाऱ्यासाठी. एक दिवाळी उलटून, बी झडल्यावर. तिसरा उभाच ठेवायचा, मार्चपर्यंत. दरवर्षी पाळी बदलायची."

"उभा ठेवलास तो फेब्रुवारीत वणव्यात जाईल."

"भोवती जाळरेषा काढायची."

"ती काढणार कोण? आणि दुसऱ्या भागाचा तो काडीचा पाला घेणार कोण? कापणाऱ्याला त्याचा भाव मिळणार नाही. तो दसऱ्यालाच सगळं कापून मोकळा होईल. मी असतो तर मी तेच केलं असतं."

"फरक तिकिटातून द्यायचा. दुसऱ्या भागाची कापणी भारावर नाही, रोजावर. आणि जाळरेषेचा रोज वेगळा."

मामांनी मनात हिशेब केला. वजनकाट्यावरची जुनी सवय. एका उताराला किती विळे, किती दिवस, रोज किती, त्याला किती तिकिटं लागतील. "पावसाळ्यात येतील लोक. हिरवं आहे तोवर. जानेवारीत कोण येणार, पिवळ्या गवताला?"

"भोवत्या बघायला येतील. एकामागून एक उतरतात, पंधरा-वीस मिनिटांत सगळे."

"किती वाजता?"

"सूर्य मावळायच्या सुमाराला."

"म्हणजे वाघोबापासून स्टेशनला परत यायला अंधार. एसटी त्या वेळेला मिळेल याचा भरवसा नाही." मामांनी पुन्हा हिशेब मांडला. "रिक्षा तिकिटात धरली आहेस की वेगळी?"